झाकणावरचं नाव

"हा डबा तुमचाच?"

अधिकाऱ्याने दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी जरा तडकूनच म्हणालो, "माझाच. पंधरा दिवस फोनवर तेच तर सांगतोय."

तो अरबीत विचारायचा आणि शेजारी बसलेला अश्रफ नावाचा केरळी दुभाष्या ते मला हिंदीत सांगायचा. माझं उत्तर अरबीत नेताना त्याने बरंच मऊ केलं असावं, कारण अधिकाऱ्याने नुसती मान हलवली. टेबलावर पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं पार्सल उसवून पसरलं होतं. कापडावरचा माझा पत्ता शाबूत होता. पाठवणाऱ्याच्या नावाची बाजू प्रवासात कुठेतरी भिजून फाटली होती आणि तिथे शाईचा निळा डाग तेवढा उरला होता. मधोमध माईंचा स्टीलचा डबा होता, झाकण लावलेला.

माई म्हणजे माझ्या सासूबाई, मिरजेच्या सुमती लिमये. वृंदाने माझ्याशी, म्हणजे नगरच्या साळवे मास्तरांच्या ख्रिस्ती मुलाशी, लग्न करायचं ठरवलं तेव्हा माई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त माझं नाव घेणं टाळलं. फोनवर वृंदाला विचारायच्या, "तुझ्या घरातले कसे आहेत?" घरात आम्ही दोघंच. मी एका आखाती देशात समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होतो, त्यामुळे भेटीगाठींचा प्रश्नही येत नव्हता. दोन वर्षं मी 'घरातले' म्हणून काढली.

मग आमच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. या महिन्यात जावयाला विष्णू मानून तेहतीस अनारशांचं वाण देतात, हे मला वृंदाने समजावून सांगितलं. आमच्याकडे नाताळात करंज्या, शंकरपाळे व्हायचे. अनारशांच्या वाटेला आई एकदाच गेली होती आणि ते तुपात असे हसले की आम्ही भावंडं चमच्याने भुगा खात बसलो. तर एका संध्याकाळी माईंचा फोन आला. "जावईबापूंना सांग, अनारसे पाठवलेत. महिना संपायच्या आत पोचले पाहिजेत."

वृंदाने फोन ठेवून ते मला जसंच्या तसं सांगितलं. तोपर्यंत मी कुणाचा बापू नव्हतो.

पण पार्सल काही येईना. मिरजेच्या पोस्टात माईंना शिवलेलं कापड दोनदा उसवायला लावलं होतं. आत काय, तर अनारसे. हे इंग्रजीत काय लिहायचं, यावर तिथे बराच खल झाला आणि शेवटी 'राइस बिस्किट' लिहिलं गेलं. त्यानंतर ते देश ओलांडून आमच्या गावात आलं आणि कस्टमच्या ताब्यात जाऊन बसलं. कॉम्प्युटरवर रोज तेच एक वाक्य दिसायचं. टपालवाल्यांना विचारलं की ते म्हणत, कस्टमला विचारा. कस्टमवाले म्हणत, टपालाने आमच्याकडे दिलंच नाही. मी आधी विनवण्या केल्या, मग तक्रारी केल्या, मग वरच्यांकडे तक्रारींच्या तक्रारी केल्या. टोलवाटोलवी चालूच राहिली आणि इकडे अधिक महिना संपत आला.

माईंना वृंदाने हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वाण पोचत नसेल तर मीच येते. हातात तरी देईन."

"मग येताना दुसरे अनारसे घेऊनच ये," वृंदा म्हणाली.

"छे! एकदा काढलेलं वाण पुन्हा काढत नाहीत. त्यांना म्हणावं, डबा तेवढा सोडवून ठेवा."

त्यांचं विमान संध्याकाळी उतरणार होतं, आणि त्याच दिवशी सकाळी मला फोन आला, पार्सल घ्यायला या. मी शीळ घालत गेलो. खिडकीवरच्या माणसाने माझं नाव वाचलं, तो उठला, त्याने खिडकी बंद केली आणि मला आतल्या बाजूला नेलं. एका लांब बोळाच्या शेवटी दारापाशी त्याने माझा फोन मागून घेतला. तेव्हासुद्धा मला वाटलं, वा, तक्रारीची दखल थेट वर घेतलेली दिसते. चिडलेल्या माणसाला आपल्या चिडण्याचं फार कौतुक असतं.

खोलीत इतका गारवा सोडला होता की माझ्या अंगावरचा घाम क्षणात सुकला. अधिकारी तरुण होता, दाढी नीट कोरलेली, बोलणं अगदी हळू. त्याने खणातून रबरी हातमोजे काढले आणि एकेक बोट नीट बसवत घातले. अनारशाला हात लावायला हातमोजे कशाला, असं माझ्या मनात आलं. मग त्याने झाकण काढलं. तूप आणि गुळाचा वास त्या बंद खोलीत पसरला आणि मला एकदम भूक लागली.

त्याने वरचा एक अनारसा उचलला, पांढऱ्या कागदावर धरला आणि लहानशा पातीने त्यावरचे दाणे खरवडले. कागदावर त्यांची बारीक रास झाली.

"भाई," अश्रफने विचारलं, "ये ऊपर क्या लगाया है?"

"खसखस."

अश्रफने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. भाषांतराची गरज पडलीच नाही. त्यांच्या भाषेतही जवळजवळ तोच शब्द आहे. अधिकाऱ्याने तो स्वतःशी एकदा उच्चारला आणि माझ्याकडे पाहिलं. आतापर्यंत तो डब्याकडे पाहत होता.

"ये अफीम का दाना है," अश्रफ म्हणाला. "यहाँ के कानून में दाना भी अफीम ही है."

मी हसलो. खरंच हसलो. "अहो, स्वयंपाकातली वस्तू आहे ही. आमच्याकडे घराघरात असते. बाळंतिणीला देतात, मसाल्यात घालतात." मी मराठीतच बोलत सुटलो होतो, हे मला अश्रफचा चेहरा पाहून कळलं. मग तेच हिंदीत बोललो. अश्रफने ते सांगितलं की नाही कोण जाणे. खोलीत माझ्याशिवाय कुणीही हसलं नाही.

अधिकाऱ्याने माझ्यासाठी चहा मागवला. मला तिथे पहिल्यांदा भीती वाटली ती त्या चहाने. कपाला बशी होती, बशीत साखरेचे दोन खडे होते आणि चहा घेऊन आलेल्या माणसाने बाहेर जाताना दाराची कडी घातली.

मग अधिकारी बराच वेळ शांतपणे बोलला आणि अश्रफ तुकड्यातुकड्याने सांगत गेला. साहेबांना माहीत आहे, तुम्ही शिकलेले आहात, चांगल्या कंपनीत आहात. साहेबांना तुम्हाला त्रास द्यायचा नाही. अशा पार्सलमध्ये दोनच गोष्टी असतात. एक, तुम्ही हे मागवलं. मग गुन्हा तुमचा आणि तुम्ही आता इथून घरी जाणार नाही. दुसरी, तुम्ही मागवलं नाही, आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, कुणीतरी आपल्या मनाने पाठवलं. मग गुन्हा पाठवणाऱ्याचा. त्याचं नाव सांगा, सही करा आणि जा.

"पाठवणाऱ्याचं काय होईल?" मी विचारलं.

अश्रफने विचारून सांगितलं, "कुछ नहीं. वो तो इंडिया में है. साहब का हाथ उधर कैसे पहुँचेगा? सिर्फ नाम कम्प्यूटर में चढ़ेगा. वो आदमी कभी इधर आया, तो एअरपोर्ट पे पकड़ लेंगे."

"कधी चढेल?"

"अभी. आपने साइन किया कि बस."

भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघितलं नाही. बघायला धीर झाला नाही. माई या वेळेला मुंबईच्या विमानतळावर असणार किंवा विमानात बसलेल्या असणार. पासष्टीच्या बाई, जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. आणि त्यांच्या बॅगेत? माई कुठेही रिकाम्या हाताने जात नाहीत. लेकीसाठी गोडा मसाला तर असणारच. आणि माईंच्या मसाल्यात खसखस असते, हे वृंदा मला दर रविवारी आमटी करताना सांगायची.

नाव दिलं नाही, तर त्या शेकडो माणसांत मिसळून निघून जातील. म्हातारीची बॅग कोण उघडतोय? पण नाव दिलं, तर त्यांना बाजूला घेतील, बॅग उघडतील, आणि मग मिरजेहून पाठवलेलं आणि मिरजेहून आणलेलं एकाच टेबलावर येईल.

"पाठवणाऱ्याचं नाव फाटलंय," अश्रफ म्हणाला. "हिंदुस्थानातून विचारून घ्यायला महिने लागतील. साहेब म्हणतात, तुम्हीच सांगा, सोपं होईल."

आणि तेव्हा अधिकाऱ्याने टेबलावरचं झाकण उचललं. ते त्याने उजेडात तिरकं धरलं, आणि हातमोजा घातलेलं बोट त्यावरून हळूच फिरवलं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. दुकानदार ठकठक करत बारीक ठिपक्यांनी नाव कोरून देतो. माईंच्या झाकणावर होतं, 'सौ. सुमती लिमये, मिरज'. त्यांच्या संसारातला पहिला डबा होता तो. नवरा गेल्यावरही त्यांनी त्यावरचं 'सौ.' खोडू दिलं नव्हतं.

"हे काय लिहिलंय?"

अश्रफने झाकण हातात घेतलं, उलटसुलट केलं. त्याला हिंदी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. त्याने ते माझ्यापुढे ठेवलं. त्या अख्ख्या इमारतीत ती अक्षरं वाचणारा बहुधा मी एकटाच होतो.

मी वाचली. मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचली.

"दुकानाचं नाव आहे," मी म्हणालो. "डबा विकणाऱ्याचं."

अधिकारी माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं, "पाठवलं कोणी?"

"मी मागवलं. बाजारातल्या एका माणसाला पैसे पाठवले, त्याने पार्सल केलं. त्याचं नाव मला माहीत नाही. माझंच आहे ते."

अश्रफ हे सांगेना. त्याने माझ्याकडे वाकून अगदी खालच्या आवाजात विचारलं, "भाई, समझ के बोल रहे हो?"

"हो. बोला तुम्ही."

तो बोलला. अधिकाऱ्याने हातमोजे काढले, डब्याला झाकण लावलं आणि दार वाजवलं. त्या क्षणी मला कसलंही उदात्त वगैरे वाटलं नाही, हे सांगून टाकतो. मला थंडी वाजत होती आणि माईंचा भयंकर राग आला होता. दोन वर्षं नाव टाकलंत, ते काय वाईट होतं?

मला नेत असताना बोळात अश्रफ जवळून चालला. मी त्याला वृंदाचा नंबर सांगितला. "तिला एवढंच सांगा, एअरपोर्टवरून आईला सरळ घरी ने. आईच्या बॅगेतला मसाला घरात ठेवू नकोस. आणि आईला यातलं काही कळू देऊ नकोस." त्याने मान हलवली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, झालं, हा काही करणार नाही. पण त्याने फोन केला होता.

माई त्या संध्याकाळी कुणीही न अडवता बाहेर आल्या. वृंदाने त्यांना घरी आणलं, आंघोळीला पाठवलं आणि त्यांच्या बॅगेतला मसाला मोरीत ओतून भरपूर पाणी सोडलं. माई दोन दिवस मसाल्याची पिशवी शोधत होत्या. "मी ठेवली होती ग, हाताने ठेवली होती." आणि जावई कुठे आहेत, तर कंपनीत काहीतरी घोळ झालाय, चौकशी चालू आहे. पार्सलचं काय, तर टपालात गहाळ झालं. वृंदा नंतर मला म्हणाली, "खरं कसं सांगणार होते मी तिला? आधीच तिच्या मनात होतं, हे लग्न देवाला मान्य नाही. मन घट्ट करून पहिलं वाण काढलं, आणि त्याच वाणाने जावई तुरुंगात गेला, हे कळलं असतं तर ती अन्नपाणी सोडून बसली असती."

मी पाच महिने आत होतो. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, वाईट होतं. नोकरी गेली. शेवटी मला देशाबाहेर काढलं. निघताना माझ्या कपड्यांबरोबर एका पिशवीत तो डबा परत मिळाला, रिकामा, घासूनपुसून. परतीचा कागद नीट भरून, सही-शिक्का घेऊन. माणसाचं काय व्हायचं ते होवो, वस्तूचा हिशेब तिथे चोख होता.

माई त्याच्या बऱ्याच आधी मिरजेला परतल्या होत्या. कंपनीतला घोळ म्हणजे पैशांचा घोळ, हे त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं. "नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा," असं त्या वसुधाला, म्हणजे वृंदाच्या थोरल्या बहिणीला म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. फोनवर मी पुन्हा 'घरातले' झालो. नंतर तेही राहिलो नाही, त्या वृंदाला फक्त "तू बरी आहेस ना?" एवढंच विचारायच्या.

हे मला लागलं. तुरुंगापेक्षा जास्त लागलं. कितीदा वाटलं, उचलावा फोन आणि सांगून टाकावं, बाई, तुमच्या चिमूटभर खसखशीने हे केलंय. वृंदा म्हणाली, "सांगायचं असेल तर सांग. मी अडवणार नाही." मी सांगितलं नाही. काही दिवस चांगुलपणाने, आणि नंतर नुसत्या हट्टाने.

आम्ही पुण्यात भाड्याने राहायला लागलो. मला एका पंप बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात काम मिळालं, पगार पूर्वीच्या मानाने अगदीच बेताचा. पुढचा अधिक महिना आला तेव्हा वसुधाच्या नवऱ्याला मिरजेला बोलावून वाण दिल्याचं कळलं. आम्हाला बोलावणं आलं नाही. वृंदाने त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली.

आणि महिना संपायला आला असताना एका सकाळी माई दारात उभ्या. एकट्या. बसने आल्या होत्या. हातात कापडी पिशवी.

"अग, कळवायचं तरी!" वृंदा म्हणाली.

माई आत येऊन बसल्या. पाणी प्यायल्या. पिशवीतून पंच्यात बांधलेलं बोचकं काढलं आणि गाठ सोडली. आत अनारसे होते. त्यांच्यावर काहीच नव्हतं. सगळे उघडे, पिवळसर, जाळीदार.

"माई, खसखस नाही लावलीस?"

"नाही."

वृंदाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"शेजारच्या कुलकर्ण्यांची सून आखातात निघाली," माई म्हणाल्या. त्या वृंदाशी बोलत होत्या, पण पाहत माझ्याकडे होत्या. "मी मसाला करून दिला. तर विचारते कशी, माई, यात खसखस आहे का हो? मग नको. तिकडे तुरुंगात टाकतात." त्या थांबल्या. "तेव्हा कळलं मला, माझी मसाल्याची पिशवी कुठे गेली ते. मग एकेक जुळत गेलं."

खाली भंगारवाला ओरडत गेला.

"माझा डबा द्या," माई मला म्हणाल्या.

"कुठला डबा?"

"माझं नाव आहे त्यावर. वाण माझ्याच डब्यातून द्यायचंय मला."

"तो तर गहाळ..." वृंदा बोलू लागली. माईंनी तिला हाताने थांबवलं.

"गहाळ झाला नाही. आणि हे तो टाकणारही नाहीत."

मी स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढलो. डब्यात मी स्क्रू, नट आणि जुने वॉशर ठेवले होते. ते वर्तमानपत्रावर ओतले, डबा धुतला, पुसला आणि त्यांच्यापुढे ठेवला. माईंनी झाकण हातात घेतलं. पदराने पुन्हा एकदा पुसलं. मग त्या कोरलेल्या ठिपक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, अगदी सावकाश.

"विचारलं असेल ना त्यांनी, हे कोणाचं नाव म्हणून?"

"विचारलं."

"काय सांगितलंत?"

"दुकानाचं आहे म्हणालो."

माईंनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. वृंदा उठून त्यांच्याजवळ गेली, तर त्यांनी तिला दूर केलं. मग एकेक अनारसा उचलून त्यांनी डब्यात लावला, कडेने गोल, मग मध्ये, तुटू न देता. सगळे लावून झाल्यावर झाकण घातलं, त्यावर निरांजन ठेवायला सांगितलं आणि डबा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"घ्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "उशीर झाला फार."

मी डबा घेतला. प्रथेप्रमाणे वाण देणारी वाकून नमस्कार करते. माई वाकल्या, त्यांचं कपाळ माझ्या पायांना लागलं, आणि मी "माई, नको, माई, उठा" म्हणत असताना त्या काही केल्या उठेनात.